सावलीची जागा

सेक्रेटरीपद टिकलं की शिरोळकरांच्या पदरात पडणार होती सोसायटीतली एकुलती एक सावलीतली पार्किंगची जागा. तेवढ्यासाठी त्यांनी मतदान स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवलं; तेही व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर.

दुपारी त्यांनी हळूच आकडे पाहिले. विरोधात उभ्या देवस्थळीबाई तीस, आपण अकरा. लगेच त्यांनी ते मशीन मतदानाआधीच्या स्थितीला परत नेलं. सगळी मतं पुसली गेली.

"तांत्रिक बिघाड! सगळ्यांनी पुन्हा मत द्या हो!"

"सेक्रेटरीसाहेब, तुमचं मशीन आपल्या लिफ्टवर गेलंय वाटतं," चौथ्या मजल्यावरचे आजोबा धापा टाकत म्हणाले. रविवारची झोप मोडून लोक आले, चरफडत बटणं दाबून गेले.

संध्याकाळी सगळ्यांसमोर निकाल उघडला. शिरोळकरांना एकच मत होतं, त्यांचं स्वतःचं.

त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं.

"सकाळी तुम्हालाच दिलं होतं," ती जांभई देत म्हणाली. "झोपेतून उठवायला कोणी सांगितलं होतं?"

सोसायटीची एका दुपारची झोप गेली. शिरोळकरांची सावली गेली, आणि घरचं मतही.