घशाची तपासणी

विजयसिंह घरात बोलायचा तो ओरडूनच. भाजीत मीठ कमी पडलं तरी सगळ्या आळीला कळायचं, आणि चार वर्षांची लेक कानांवर हात ठेवून पलंगाखाली शिरायची. शेवटी माधवी लेकीला घेऊन सणसरला माहेरी निघून आली. तो न्यायला आला, तो नवंच कारण घेऊन.

"रागानं न्हाय गं. माझा आवाजच ताब्यात ऱ्हात न्हाय. आजारच हाय म्हण. चल, डॉक्टरांच्याच तोंडून ऐक."

बारामतीत आवाजाच्या डॉक्टर रणपिसेबाईंनी त्याचा घसा नीट तपासला. "छातीतली हवा जोरानं सोडली की आवाज मोठा होतो आणि स्वरतंतू ताणले की चढतो," त्या म्हणाल्या. "दोन्ही आपल्याच हातात असतं."

"माझ्या हातात न्हाय!" तो खेकसला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कंपनीतले साहेब होते. विजयसिंह खुर्चीतून ताडकन उठला. "व्हय साहेब... चुकलं साहेब... जी, जी..." आवाज असा मऊ आणि बारीक, की आठ वर्षांच्या संसारात माधवीनं तो कधी ऐकलाच नव्हता. इतकी वर्षं आपण ह्याला भ्यायलो, या विचाराची तिला किळस आली.

फोन ठेवताच तो गरजला, "हां, सांगा आता हिला, आजार हाय म्हणून!"

बाईंनी कागदावर दोन ओळी लिहिल्या, खाली सही-शिक्का केला आणि कागद माधवीच्या हातात दिला.



'आवाजावर पूर्ण ताबा आहे. कुणावर चढवायचा, तेही अचूक कळतं.'