गाईनं निवडलेला प्लॉट

लाल मुरूम टाकून सपाट केलेल्या प्लॉटवर उभं राहून शिवकांतानं नाकाला पदर लावला. बोअरचं पाणी काळपट, वास कसलातरी आंबूस. पण नवऱ्याला, अमृतरावांना, घर बांधायचं तर इथंच. "उदगीर जिल्हा झाल्यावर अशी जागा भेटंल का?" म्हणत त्यांनी सहीसाठी चष्मा चढवलासुद्धा.

"वैनींच्या मनात शंका नको," प्लॉटवाला हसत म्हणाला. "जुन्या रीतीनं बघू. गाय आपणहून बसंल ती जागा शुभ." त्यानं पलीकडच्या वस्तीतल्या नागाबाईला गाय घेऊन बोलावलं.

नागाबाईनं दावं सोडलं. गाय इकडंतिकडं न बघता सरळ त्यांच्याच अकरा नंबरच्या प्लॉटात गेली, जमीन हुंगली आणि मधोमध ऐसपैस बसून रवंथ करू लागली. अमृतरावांनी हात जोडले. प्लॉटवाल्यानं पेन पुढं केलं.

शिवकांता हळूच नागाबाईजवळ सरकली. "मावशी, गाय लई हुशार हाय तुमची. एवढ्या रानात नेमकी जागा कशी वळखली?"

"न वळखायला काय झालं, बाई?" नागाबाई कौतुकानं म्हणाली. "गावाचा समदा कचरा हितंच पडायचा. दुष्काळात चारा कुठला? चार वर्सं हितंच खाऊन जगली माय माझी. मग डाक्टरनं पोट फाडून घमेलंभर पिशव्या काढल्या, तवा वाचली. तुमी कवा येऊ लालाव ऱ्हायला?"