उत्तर आधी, पत्र नंतर

"हे बघा!" थोरल्याने दोन छापील कागद टेबलावर आपटले. "माझा मेल गेला अकरा वाजून सात मिनिटांनी. ह्याचं उत्तर अकराच्या ठोक्याला. प्रश्नाच्या आधी उत्तर! म्हणजे मी लिहीत असतानाच हा माझ्या कॉम्प्युटरात डोकावतो."

नेटवर्कवाली शिडीवर होती. भिंतीवरच्या लोखंडी कपाटातल्या स्विचला, म्हणजे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या डब्याला, तिने लॅपटॉप जोडला होता. तिला थोरल्यानेच बोलावलं होतं, चोर पकडायला. चोर सापडला की दुपारी वकील येणार होता, धंद्याची वाटणी करायला.

धंदा कुलपांचा. दोघा भावांनी जन्मभर दुसऱ्यांच्या दारांची काळजी वाहिली आणि शेवटी स्वतःच्याच हॉलमध्ये मधोमध प्लायवूडची भिंत घातली. इकडे थोरल्याचे कॉम्प्युटर, तिकडे धाकट्याचे. दोन्हीकडे स्विच वेगळे. चहा तेवढा एकाच किटलीतला. बोलणं बंद होऊन वर्ष झालं होतं, जे काही सांगायचं ते मेलवर. थोरला सढळ हाताने लिहायचा. कामगारांच्या सुट्ट्यांपासून सुरुवात करून धाकट्याच्या लहानपणच्या खोड्यांपर्यंत यायचा. धाकट्याचं उत्तर तत्काळ हजर. त्यातला मजकूर थोरला वाचत नसे. धाकट्याच्या उत्तरात वाचण्यासारखं असणार काय? तो फक्त वेळ बघायचा.

"दादा, गळ्याशपथ," धाकटा भिंतीच्या कडेशी उभा राहून म्हणाला, "तुझ्या मेलमध्ये मी कधीही डोकावलेलो नाही. आणि हे वाटणीचं काय काढलंस? मला काल वहिनीकडून कळलं."

"वहिनीकडून? तीनदा मेल केलाय मी! बघा, साळसूदपणा बघा."

"काका," शिडीवरून आवाज आला, "ह्या स्विचचं घड्याळ हाताने कुणी लावलंय?"

"मी. आमचे वडील प्रत्येक घड्याळ सात मिनिटं पुढे ठेवायचे. धंद्यात माणूस मागे पडू नये."

"आणि पलीकडचं?"

"जगाबरोबर," धाकटा म्हणाला.

"मग झालं तर. तुमचे कॉम्प्युटर ह्या डब्याला वेळ विचारतात आणि डबा तुमच्या वडिलांची वेळ सांगतो. तुमचं पत्र सात मिनिटं पुढच्या काळातून निघतं हो, काका. इथे चोर कुणी नाही."

तिने चार ओळी टाइप केल्या. आता दोन्ही स्विच इंटरनेटवरच्या एकाच घड्याळाला वेळ विचारणार होते. थोरल्याच्या पडद्यावरचे आकडे मागे सरकले. घराण्याच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. थोरला खुर्चीत खचला. मग त्याने वकिलाला फोन लावला आणि एवढंच म्हणाला, "येऊ नका."

तोंडाने माफी मागण्याची त्या घरात कुणालाच सवय नव्हती. थोरल्याने कीबोर्ड पुढे ओढला. दोन बोटांनी, नाक ओढत, तो लिहीत राहिला. मी महामूर्ख आहे. पाठच्या भावाला चोर म्हणालो. माझ्यासारखा हेकट माणूस शोधून सापडणार नाही. धाकटा किटलीतून चहा ओतून घेऊन त्याच्यासमोरच उभा होता. भिंत पाडायला माणूस कधी बोलवायचा, असं नेटवर्कवालीला विचारत होता.

थोरल्याने बटण दाबलं.

टुण्ण झालं. उत्तर आलं होतं. वेळ तीच, सेकंदसुद्धा तोच. नेटवर्कवालीने आपल्या कामाकडे समाधानाने पाहिलं. मग तिने धाकट्याकडे पाहिलं. त्याच्या एका हातात कप होता आणि दुसऱ्या हातात बिस्किट. भिंतीपलीकडे त्याच्या कॉम्प्युटरसमोर कुणीच नव्हतं.

थोरल्याने चष्मा पुसला आणि वर्षभरात पहिल्यांदाच वेळेच्या खालचा मजकूर मोठ्याने वाचला: "दादा, तुझा मेल दोनदा नीट वाचला. तू लिहितोस ते अगदी बरोबर आहे."