तुलनेची गल्ली

चौथा मजला, लिफ्ट नाही आणि आजचा शेवटचा फॉर्म. प्रश्नवाल्या ताई दारातल्या स्टुलावर टेकल्या. गल्लीत त्यांना याच नावाने ओळखत. पायांचे अगदी तुकडे पडले होते.

"आधी पाणी प्या," शिवणकाम करणाऱ्या मावशी मशीन न थांबवता म्हणाल्या. "तुमचे प्रश्न काही पळून जात नाहीत."

दीड वर्ष हेच चाललं होतं. पलीकडच्या गल्लीत संशोधन केंद्राचे लोक दर आठवड्याला आरोग्याचे धडे द्यायचे. तिथे तक्ते, व्यायामाचा वर्ग, डॉक्टरीणबाईंची फेरी, सगळा थाट. या गल्लीत काहीच नाही. ही तुलनेची गल्ली. इथे महिन्यातून एकदा फक्त विचारायचं. सांगायचं काही नाही, बोलता बोलतासुद्धा नाही. दोन्ही गल्ल्यांत फरक दिसला तर धडे कामाचे. नाही दिसला तर गाशा गुंडाळायचा, ताईंच्या नोकरीसकट.

आणि फरक दिसेना. न शिकवताच या गल्लीतली माणसं चालायला लागली होती. सकाळी फोनवर केंद्राचे साहेब करवादले होते, "अहो, ती गल्ली जरा बसू द्या की जागेवर!" जसं काही ताईच सगळ्यांना हाताला धरून फिरवून आणत होत्या.

या महिन्याच्या आकड्यांवरच सगळं ठरणार होतं आणि आता भिस्त मावशींवर होती. दहा-दहा तास मशीनवर बसणारी बाई. एक तरी शून्य मिळेल, या आशेवर ताई चार जिने चढल्या होत्या.

"गेल्या सात दिवसांत सलग अर्धा तास, असं किती दिवस चाललात?"

"सहा."

"मागच्या महिन्यात तर दोन होते! मावशी, मशीनपासून ओट्यापर्यंतचं धरायचं नाही हं."

मावशींनी मशीन थांबवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तारखांवर कापड आखायच्या निळ्या खडूने फुल्या मारल्या होत्या. "मोजा. उगाच खोटं कशाला सांगू?"

ताईंनी गेल्या सात दिवसांतल्या मोजल्या. सहाच होत्या.

"पण चालायला सांगितलं कोणी तुम्हाला?"

"तुम्हीच."

"मी?" ताई घाबरल्याच. "मी अवाक्षर काढलेलं नाही!"

"तेच तर. सात महिने मी शून्य सांगायची आणि तुम्ही निमूट लिहून घ्यायचात. ना रागावणं, ना काही. शेवटी माझी मलाच लाज वाटायला लागली. आणि खरं सांगू? आजवर असं घरी येऊन मला कोणी काही विचारलंच नव्हतं."

शून्य लिहायला असा कितीसा वेळ लागतो? बघायला कोण येणार होतं? पेन थोडा वेळ कागदावर तसंच टेकून राहिलं. मग त्यांनी सहा लिहिले, फॉर्म पिशवीत घातला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"मावशी, ही शेवटची फेरी. पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही."

मावशी खडू घेऊन कॅलेंडरपाशी गेल्या होत्या. आजची फुली मारायची राहिली होती. त्यांचा हात तिथेच थांबला.

"मग हे दाखवू कोणाला?"