अर्ध्याच्या पुढे

"दुखतंय का, आई?" वाइहेरेने तिसऱ्यांदा विचारलं.

"मला नाही. विचारून विचारून तुझंच तोंड दुखेल," मेराही म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

राजधानी सान्तियागोहून विमान सुटून दोन तास झाले होते. खाली नुसतं पाणी. आमचं रापा नुई बेट तिथून पावणेचार हजार किलोमीटरवर, आणि वाटेत उतरायला एक खडकही नाही. बेटावरून राजधानी गाठायला पावणेपाच तास पुरतात, परत घरी यायला मात्र साडेपाच लागतात. वाराच तसा उलटा आहे, त्याला कोण काय करणार?

चार महिने मेराही राजधानीतल्या दवाखान्यात पडून होती. डॉक्टर आणखी दोनेक महिने ओढू म्हणत होते. वाइहेरेला ते दोन महिने हवे होते. मेराहीला आपल्या बेटावर मरायचं होतं. महिनाभर मायलेकींची जुंपली आणि अखेर लेक हरली. विमानात चढताना हवाईसुंदरीने दोघींना बजावलं होतं, की काही त्रास झाला तर लगेच सांगा. तीन तासांपर्यंत विमान मागे दवाखान्याकडे फिरवता येतं, त्यानंतर बेटच जवळ पडतं. वाइहेरेने ते पक्कं ध्यानात ठेवलं होतं. आईने नुसतं 'हाय' म्हटलं असतं तरी तिने विमान फिरवायला लावलं असतं.

पण मेराही मजेत दिसत होती. विमानतळावर कोण कोण हार घेऊन येईल, कोणती भावजय मुद्दाम उशिरा येईल, सगळं सांगून झालं. दर थोड्या वेळाने ती हवाईसुंदरीला किती वाजले ते विचारत होती. घराची ओढ, दुसरं काय, असं वाइहेरेला वाटलं. डॉक्टरांचं काही खरं नाही, आई अजून वर्षभर काढेल, असंही वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच लेकीला बरं वाटलं होतं.

"झाले हो तीन तास, आजी," हवाईसुंदरी हसत म्हणाली. "आता बेटच जवळ."

ती पुढे गेली. मेराहीने खुर्चीचा हात सोडला. इतका वेळ घट्ट धरल्याने तिची बोटं पांढरी पडली होती. कपाळावर घाम आला. तोंडातून कण्हणं बाहेर पडलं, आणि मग ते थांबेचना.

वाइहेरे हाक मारायला उठू लागली. आईने तिचं मनगट धरलं.

"बस. आता कोणी काही करू शकत नाही."

"कधीपासून दुखतंय?" वाइहेरेला रडू आवरेना.

"विमान सुटल्यापासून," मेराही म्हणाली. "तेव्हा सांगितलं असतं, तर तू मला मागे नेलं असतंस."