आपलं कुणीच नसलेली शाळा

अगं, ऐक तर! ताई आणि जिजू परदेशात राहायला गेले ना, तेव्हा भाचीच्या शाळेसाठी ताईची एकच अट होती. वर्गात एकही मराठी मूल नको. "एक जरी भेटलं ना, तर ही बया वर्षभर त्यालाच चिकटून बसेल आणि इथली भाषा काही शिकायची नाही," असं तिचं म्हणणं.

मग तिने तिथल्या आपल्या लोकांच्या ग्रुपवर सरळ विचारलं, "आपलं एकही मूल जात नाही अशी शाळा कुठली?" कुणीतरी एक नाव सांगितलं, त्याखाली धडाधड अंगठे पडले आणि ताईने दुसऱ्याच दिवशी प्रवेश घेऊन टाकला.

सामान लावायला म्हणून मीही गेले होते, त्यामुळे पहिल्या दिवशी फाटकापाशी मीपण हजर. थंडी तर अशी, की सगळ्या आया टोपी-मफलरमध्ये डोळ्यांपर्यंत गुंडाळलेल्या. ताईने शेजारच्या बाईला तिथल्या भाषेत, पाठ केल्यासारखं विचारलं, "आज हवा छान आहे, नाही का?" तीही तितकंच जपून जपून म्हणाली, "हो. हवा छान आहे." ताई माझ्या कानात पुटपुटली, "बघ, जमतंय मला."

तेवढ्यात भाची शाळेच्या पायरीवरून धाडकन आपटली.



आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या सगळ्या आया एका सुरात ओरडल्या, "अगं बाई, लागलं का गं?"