टाकीवरची गादी

"असलं कळकट चामडं पाहुण्यांना काय दाखवायचं!" ओरेस्ते करवादला. इटलीतल्या त्या मोटरसायकल कारखान्याचं संग्रहालय उद्या उघडणार होतं, आणि शर्यतीतली जुनी गाडी त्याच्याकडे डागडुजीला होती. भरधाव जाताना स्वार पेट्रोलच्या टाकीवर हनुवटी टेकवायचा, तिथली ही चामड्याची गादी. ती उचकटून नवं चामडं बसवायला त्याने पक्कड घेतली.

"थांबा जरा," दारातून एक म्हातारी बाई म्हणाली. "माझे बाबा चालवायचे ही गाडी. माझ्या जन्माआधीच ते शर्यतीत वारले. आई म्हणायची, मी त्यांच्यावर जराही गेले नाही. एकदा बसू?"

ओरेस्तेने हात दिला. ती चढली, वाकली. चामड्याला पडलेल्या खळग्यात तिची हनुवटी बेतून घेतल्यासारखी बसली.

बराच वेळ ती उठली नाही. ओरेस्तेने नवं चामडं गुंडाळून कपाटात ठेवून दिलं.